मँचेस्टरचे बँड जिथे पहिल्यांदा वाजले, त्या खोल्यांचं पुढे काय झालं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्देही यात घातलेत.

ओएसिस, जॉय डिव्हिजन, न्यू ऑर्डर, द स्मिथ्स. यातलं एखादं तरी नाव तुमच्या प्लेलिस्टमध्ये असेल. हे सगळे इंग्लंडमधल्या मँचेस्टर आणि आसपासचे. एका शहरातून इतके बँड कसे निघाले, यावर ढीगभर बोललं जातं. आपण आज वेगळा प्रश्न घेऊ: हे बँड ज्या खोल्यांमध्ये घडले, त्यांचं काय झालं? एका इमारतीचं हॉटेल झालं. एकीच्या जागी फ्लॅट आले. आणि एक कॅफे अजून चालू आहे, पण शेजाऱ्याच्या तक्रारीवरून कोर्टात जाऊन आलाय. हे सगळं एकाच साखळीचे भाग आहेत.

मैदान, हॉल, हॉटेल

सुरुवात १८१९ पासून. सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर हजारो लोक मतदानाचा हक्क मागायला जमले होते. त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं आणि किमान १५ माणसं मेली. इतिहासात याला पीटरलू म्हणतात. पुढे त्याच जागेवर १८५६ मध्ये फ्री ट्रेड हॉल उभा राहिला. नावातच शहराचं धोरण आहे: मुक्त व्यापार. आणि व्यापार कसला, तर कापसाचा.

इथे आपला थेट संबंध येतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस अडकला आणि या भागातल्या गिरण्यांना भारताचा कापूस लागायला लागला. त्या चार-पाच वर्षांत मुंबईचे कापूस व्यापारी गब्बर झाले. मँचेस्टरकडे मात्र गिरण्या बंद, कामगार उपाशी. तरीसुद्धा ३१ डिसेंबर १८६२ ला कामगार याच हॉलमध्ये जमले आणि त्यांनी गुलामगिरीच्या विरोधात, लिंकनच्या बाजूने ठराव केला.

संगीताचं म्हणाल, तर १८५८ पासून हा हॉल हॅले ऑर्केस्ट्राचं घर होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, हॉल उद्ध्वस्त झाला, १९५१ मध्ये पुन्हा उघडला. १७ मे १९६६ ला बॉब डिलन इथे इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि प्रेक्षकातून कोणीतरी 'ज्यूडस!' म्हणून ओरडलं. म्हणजे विश्वासघातकी. या कार्यक्रमाचं चोरटं रेकॉर्डिंग कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावावर खपत होतं!

पण खरी ठिणगी पडली ती वरच्या छोट्या सभागृहात. ४ जून १९७६, सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम, तिकीट ५० पेन्स. आयोजक होते बझकॉक्स या नवीन बँडचे हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली. प्रेक्षक मोजकेच. पण त्यांच्यात पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, ज्यांनी पुढे जॉय डिव्हिजन काढला. मॉरिसीही होता, जो पुढे द स्मिथ्सचा गायक झाला. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली, असं तो स्वतः सांगतो.

१९९६ मध्ये हॅले ऑर्केस्ट्रा नव्या ब्रिजवॉटर हॉलमध्ये गेला. फ्री ट्रेड हॉल विकला गेला. दर्शनी भाग जपून मागे हॉटेल बांधलं, ते २००४ मध्ये उघडलं.

रिकाम्या इमारती, स्वस्त भाडं

आता सत्तर-ऐंशीच्या दशकातलं मँचेस्टर डोळ्यांसमोर आणा. गिरण्या गेल्या, गोदामं रिकामी, शहराच्या मधोमध राहायला कोणी तयार नाही. शहरासाठी वाईट, पण बँडसाठी एकदम सोयीचं. भाडं कमी, आणि रात्री आवाज झाला तरी दार ठोठावायला शेजारीच नाही.

१९७८ मध्ये टोनी विल्सन आणि मंडळींनी ह्यूम भागातल्या रसेल क्लबमध्ये 'फॅक्टरी' नावाने कार्यक्रम सुरू केले. हा मुळात बस कामगारांचा क्लब. ती इमारत आज नाही. त्यातूनच फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी निघाली. आणि २१ मे १९८२ ला या कंपनीने न्यू ऑर्डरच्या कमाईच्या जोरावर हासिएंडा उघडला. जागा कसली, तर पूर्वीची बोटींची शोरूम! आत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे खांब, कारखान्यासारखा थाट. मॅडोनाचं ब्रिटिश टीव्हीवरचं एक सुरुवातीचं दर्शन १९८४ मध्ये इथूनच झालं.

गंमत म्हणजे लाइव्ह बँडसाठी तिथला आवाज फारसा बरा नव्हता. जागा गाजली ती नंतर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, हाउस म्युझिक आणि डीजेंमुळे. पण गर्दी असूनही धंदा बसेना. क्लब चालतो बारवर, आणि एक्स्टसी घेऊन नाचणारी पोरं दारूऐवजी पाणी मागायची. अमली पदार्थांमागून टोळ्या आल्या. १९९७ मध्ये क्लब बंद. पुढे इमारत पाडली, फ्लॅट बांधले, आणि इमारतीचं नाव ठेवलं... हासिएंडा. हुकने या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच 'क्लब कसा चालवू नये' असा आहे.

थोड्याच अंतरावर बोर्डवॉक होता. १९९१ मध्ये ओएसिस तिथे पहिल्यांदा वाजले. तोही १९९९ मध्ये बंद झाला.

साखळी दिसली का? रिकामी जागा, स्वस्त भाडं, मग संगीत, मग नाव. मग लोकांना तिथे राहावंसं वाटतं, फ्लॅट येतात, भाडं वाढतं. ज्या संगीताने जागेला किंमत आणली, त्यालाच ती किंमत परवडत नाही.

आधी कोण होतं, याला किंमत नाही

नाइट अँड डे कॅफे १९९१ मध्ये ओल्डहॅम स्ट्रीटवर सुरू झाला. तेव्हा तो भाग ओसाडच होता. आज तोच नॉर्दर्न क्वार्टर म्हणून मिरवतो. २०२१ मध्ये शेजारच्या रहिवाशाच्या तक्रारीनंतर नगरपालिकेने कॅफेला आवाज कमी करण्याची नोटीस दिली. तुम्ही म्हणाल, कॅफे तर आधीपासून आहे, राहायला येणाऱ्याने बघून यायला नको का?

इंग्लिश कायदा तसं मानत नाही. १८७९ चा लंडनचा एक खटला यासाठी प्रसिद्ध आहे. एक मिठाईवाला वीसहून जास्त वर्षं खलबत्त्यात कुटत होता. शेजारच्या डॉक्टरने भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. डॉक्टर जिंकला! 'मी आधी होतो' हा बचाव चालत नाही. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व बऱ्याच अंशी कायम ठेवलं.

मग भिंतच जाड करा ना? इथे थोडं भौतिकशास्त्र. ५० हर्ट्झच्या बेसची तरंगलांबी जवळपास ७ मीटर असते. गाण्यातले शब्द भिंत अडवते, पण हा बेस भिंतीलाच हलवतो. तो थांबवायला प्रचंड वजन लागतं किंवा बांधकाम एकमेकांपासून सुटं ठेवावं लागतं. पैसा असेल तर होतं: शेजारच्या ट्रॅमची थरथर आत येऊ नये म्हणून अख्खा ब्रिजवॉटर हॉल जवळपास ३०० स्प्रिंगवर बसवलाय. छोट्या कॅफेला हे कसं परवडणार?

म्हणजे प्रश्न खर्च कोणी करायचा हा आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात 'एजंट ऑफ चेंज' हे तत्त्व आलं. जो बदल आणतो, त्याने निस्तरायचं. व्हेन्यूशेजारी नवे फ्लॅट बांधायचे असतील, तर आवाज रोखायचा खर्च बिल्डरचा. छान आहे, पण हे नव्या परवानग्यांसाठी. नाइट अँड डेच्या शेजारच्या घरांना परवानगी त्याच्या बरीच आधी मिळालेली. २०२४ मध्ये कोर्टाने मधला मार्ग काढला: बँडचे कार्यक्रम चालू ठेवा, रात्री उशिराच्या डीजेंचा आवाज उतरवा.

मोठे हॉल आहेत की!

मँचेस्टरमध्ये मोठ्या जागांची कमी नाही. १९९५ चं अरिना आहे. २२ मे २०१७ ला तिथे आरियाना ग्रांडेच्या कार्यक्रमानंतर बॉम्बस्फोट झाला, २२ लोक गेले, आणि त्याच सप्टेंबरात अरिना पुन्हा उघडलं. २०२४ मध्ये २३,५०० क्षमतेचं को-ऑप लाइव्ह आलं.

पण अरिनात कोणी पहिला गिग करत नाही. तिथे पोचायच्या आधी शंभर माणसांसमोर चुकायला जागा लागते. म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ही संस्था छोट्या व्हेन्यूंची नोंद ठेवते. तिच्या मोजणीप्रमाणे २०२३ या एका वर्षात ब्रिटनमधल्या १२५ छोट्या जागांमधलं लाइव्ह संगीत बंद झालं. म्हणून तिची मागणी आहे की अरिना आणि स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड छोट्या जागांना द्या.

मग टिकतं काय?

स्वान स्ट्रीटवर बँड ऑन द वॉल आहे. १९३० च्या दशकात या पबमध्ये वादकांचा मंच भिंतीवर उंच बांधला होता, म्हणून हे नाव. आजूबाजूचं सगळं बदललं, हा टिकला, कारण तो एक धर्मादाय संस्था चालवते. आणि २०२३ मध्ये म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या योजनेतून लोकांनी छोटे छोटे शेअर घेऊन जवळच्या ॲथर्टन गावातला 'द स्नग' हा कॅफे-व्हेन्यू विकत घेतला. या योजनेतली ती पहिली खरेदी.

तर मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या शहराचं 'साउंड' वगैरे कोणी सांगायला लागलं, की एक प्रश्न नक्की विचारा: ती खोली कोणाच्या मालकीची होती? गाणी आपल्या फोनमध्ये आहेतच. पण पुढचा बँड कुठे वाजणार, हे बऱ्याचदा सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे त्यावर ठरतं. मँचेस्टरला सातबारा नसतो, पण मुद्दा तोच.

तुमच्या शहरातली अशी एखादी बंद पडलेली जागा आठवत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!