लालबाग ते चिपी: हवेतले अंतर, घड्याळातला वेळ

गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या चाळींतून कोकणच्या तिकिटांची धावपळ सुरू होते. 9 ऑक्टोबर 2021 रोजी सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सुरू झाला आणि गावाकडे जायला हवेतली वाटही मिळाली. रस्त्याने मालवण-वेंगुर्ला भाग पाचशे किलोमीटरच्या घरात. हवेतून किती?

हे घरीच काढता येते. मुंबईचा विमानतळ सुमारे 19.1 अक्षांशावर, चिपी 16 वर. एक अंश म्हणजे जवळपास 111 किलोमीटर, म्हणजे दक्षिणेकडे साधारण 344. पूर्वेकडे सुमारे 70 सरकावे लागते. पायथागोरस लावला की उत्तर येते सुमारे 350 किलोमीटर. विमानाला घाट नाहीत, वळणे नाहीत, खाड्यांवरचे पूल नाहीत.

या मार्गावर सुरुवातीला धावलेले एटीआर 72 हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. भागाकार सांगतो 42 मिनिटे. वेळापत्रक मात्र तासाहून अधिक देत असे. त्यात फसवणूक काहीच नव्हती. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीसाठी रांग, मग चढण, वळसा, उतरण. पूर्ण वेग मधल्या टप्प्यातच मिळतो. म्हणूनच इतक्या कमी अंतरावर वेगवान जेटनेही फारशी मिनिटे वाचत नाहीत.

तिकीट काढताना लालबाग ते विमानतळ आणि चिपी ते आपली वाडी हा वेळही धरा.