तुरीच्या गाठीतील जिवाणूंची निवड

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातील गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. या तालुक्यात तुरीचे पीक महत्त्वाचे असून नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पेरणीपूर्वी तुरीच्या बियाण्यास रायझोबियमचे जिवाणू संवर्धन चोळावे, असा सल्ला ग्रामपातळीवरील कार्यकर्ते देत असतात. त्यावर, "या काळ्या भुकटीत आहे तरी काय?" असे शेतकऱ्याने विचारल्यास तो प्रश्न रास्तच मानावा लागेल. भुकटी ही बहुधा लिग्नाइटची असते व ती केवळ वाहक होय. पैसे मोजावयाचे ते तिच्यातील, डोळ्यांस न दिसणाऱ्या जिवाणूंसाठी.

हे जिवाणू हवेतील नत्र तुरीस मिळवून देतात. परंतु चिमूटभर मातीतही कोट्यवधी जिवाणू नांदत असतात, आणि त्यांतून नेमका हवा तोच निवडून काढणे हे प्रयोगशाळेचे खरे काम होय. त्याचा आरंभ शेतातच होतो. फुलोऱ्याच्या सुमारास हिरवेगार, जोमदार झाड निवडून ते मातीच्या ढेकळासह खणून काढतात. झाड उपटल्यास गाठी तुटून जमिनीतच राहतात. गाठ कापून आत गुलाबी रंग दिसला, तर ती कार्यक्षम समजावी. पांढुरकी किंवा हिरवट गाठ उपयोगाची नाही.

प्रयोगशाळेत निवडलेली अखंड गाठ धुऊन, तिच्या बाहेरील जंतू मद्यार्क व रसकापूर यांच्या पातळ द्रावणाने मारतात. (रसकापूर जहाल विष आहे; हा प्रयोग घरी करू नये.) मग निर्जंतुक पाण्याने ती अनेकदा धुतात, चिरडतात आणि तो रस तारेच्या कड्याने बशीतील पोषक माध्यमावर रेघा ओढून पसरवितात.

या माध्यमात लिटरभर पाण्यास १० ग्रॅम मॅनिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ, यीस्टचा थोडा अर्क, काही क्षार आणि घट्टपणासाठी समुद्रशैवालापासून काढलेले अगर असते. अगरची कथा स्वयंपाकघरातली आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटिन वापरीत. ते उन्हाळ्यात वितळून जाई. १८८१ साली फॅनी हेस या गृहिणीने आपल्या जेलीत घातले जाणारे अगर सुचविले आणि ती अडचण दूर झाली. खानदेशच्या उन्हाळ्यात तर जिलेटिनचे पाणीच झाले असते!

माध्यमात काँगो रेड हा रंगही मिसळतात. रायझोबियमच्या वसाहती तो फारसा शोषीत नाहीत, त्या पांढऱ्या व चिकट राहतात. इतर अनेक जिवाणू मात्र लालसर होतात. म्हणजे हा रंग परक्यांस मारीत नाही, ओळखू देतो. तुरीचे जिवाणू सावकाश वाढणारे असतात. २८ ते ३० अंश उष्णतेत त्यांच्या वसाहती दिसण्यास पाच ते दहा दिवस लागतात. एकाच दिवसात जे भराभर उगवते, ते बहुधा आगंतुक असते. एवढ्यावरही भागत नाही. निवडलेला जिवाणू निर्जंतुक वाळूतील तुरीच्या रोपास देऊन गाठी येतात की नाही, हे पाहिल्यावाचून त्याची खात्री पटत नाही.

अन्य जिवाणूंसाठी माध्यमे निराळी असतात. नत्र मुळीच नसलेल्या माध्यमात हवेतून नत्र घेणारा ॲझोटोबॅक्टर तग धरतो. बायजेरिंक या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये तो असाच वेगळा केला. न विरघळणारे स्फुरद घातलेल्या माध्यमात, ते विरघळविणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्वच्छ कडे उमटते.

पाकिटाची तपासणीही अशाच बशीवर होते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला. भुकटीरूप रायझोबियममध्ये दर ग्रॅमला निदान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत, अशी त्यात अट आहे. पण उत्तम पाकीटही पत्र्याच्या तापल्या छपराखाली पडून राहिले, तर आतील जिवाणू मरतात व शेतकऱ्याचा पैसा वाया जातो. म्हणून अंतिम तारीख तर पाहावीच, शिवाय पाकीट कोठे ठेवले होते तेही विचारावे.

दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड द्रावणात कालवून हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. शेतात चार ओळी संवर्धनाविना ठेवाव्यात. सहा-सात आठवड्यांनी दोन्हीकडील रोपे खणून गाठी मोजाव्यात व कापून त्यांचा रंग पाहावा. जमिनीत मूळचेच जिवाणू भरपूर असतील, तर फरक थोडा दिसेल; तेवढ्यावरून पाकिटास दोष देऊ नये. मात्र दोन्हीकडे गाठी नसतील, तर पाकिटाचा क्रमांक व तारीख टिपून सहाय्यक कृषी अधिकाऱ्यास कळवावे.