अपडेटनंतर संगणक सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको!



रामटेकच्या आमच्या शाळेतला उबुंटूचा संगणक कर्नल अपडेटनंतर सुरूच होईना. 'हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट करा,' असा सल्ला मिळाला. पण त्यात मुलांच्या वर्षभराच्या नोंदी होत्या!

कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. तो स्टोरेज कंट्रोलरमार्फत डिस्क वाचतो. नव्या कर्नलला त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर डिस्क दिसतच नाही. कपाट जागेवरच असतं, किल्ली तेवढी हरवते.

उपाय असा: संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा. ग्रब मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. सुरू झालं, तर डिस्क शाबूत आहे! आधी नोंदी पेनड्राइव्हवर घ्या. मग सुरुवातीचे ड्रायव्हर ठेवणारी इनिट्रॅमएफएस फाइल जाणकाराकडून नव्याने बनवून घ्या.