युरोपची आगगाडी आणि आपला बेत

युरोपला जायचे ठरले असे कुणी सांगितले, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'कुणाबरोबर?' या 'कुणाबरोबर'चा अर्थ कोणत्या प्रवासी कंपनीबरोबर, असा असतो. आपला बेत आपणच आखावा, रेल्वेने फिरून यावे, ही कल्पना साठी उलटलेल्या माणसांना धाडसाची वाटते. मला विचाराल, तर त्यात धाडस कमी आणि अभ्यास जास्त आहे. हा अभ्यास घरबसल्या होतो. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

गंमत अशी, की मार्गदर्शकासह सहल जन्मली तीच रेल्वेत. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये टॉमस कुक या गृहस्थांनी सुमारे ५०० माणसांना लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या मेळाव्यासाठी आगगाडीने नेऊन आणले. भाडे माणशी एक शिलिंग. पुढे १८७३ मध्ये त्यांच्याच कंपनीने युरोपातल्या रेल्वेगाड्यांचे वेळापत्रक छापायला घेतले आणि त्याच्या आधारे कित्येक माणसे एकटीदुकटी युरोपभर फिरली. कंपनी २०१९ मध्ये बंद पडली. वेळापत्रक मात्र त्याआधीच, २०१४ पासून, स्वतंत्रपणे निघू लागले होते.

आमच्या सोसायटीतले एक जोडपे काही काळापूर्वी माझ्याकडे आले. दोघेही सत्तरीच्या आसपास. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. साठवलेल्या पैशांत आयुष्यात एकच असा प्रवास होणार होता. हातातल्या माहितीपत्रकात १५ दिवसांत ९ देश होते आणि जवळजवळ रोज सकाळी सामान बांधून बसमध्ये बसायचे होते. काकू म्हणाल्या, 'मला नऊ देश नकोत हो. एका ठिकाणी बसून नीट बघता आले तरी पुरे.' मग आम्ही नकाशा पसरला.

पहिला नियम म्हणजे गावे कमी, रात्री जास्त. आम्ही चारच गावे धरली. पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंडमधले लुझर्न ४, व्हेनिस ३ आणि व्हिएन्ना ३. ही गावे एका वाटेवर येतात, म्हणून मागे फिरावे लागत नाही. मुंबईहून पॅरिसला उतरायचे आणि व्हिएन्नाहून परतायचे. विमान कंपन्या असे तिकीट देतात. परत पॅरिस गाठण्याचा एक दिवस आणि एक भाडे वाचते.

दुसरी पायरी व्हिसाची. हे चारही देश शेंगेन करारातले, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील, तर जिथे पहिले पाऊल पडणार त्या देशाकडे. आमच्या बेतात फ्रान्स आणि स्वित्झर्लंड बरोबरीत होते, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. लंडन हवे असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

इथे एक पेच आहे. वेगवान गाड्यांची तिकिटे विमानासारखी असतात. लवकर घ्याल तर स्वस्त, पण स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. व्हिसा नाकारला गेला, तर ती रक्कम बुडते. म्हणून क्रम असा ठेवावा. आधी रद्द करता येणारी हॉटेले, मग लवकरात लवकर व्हिसाचा अर्ज, आणि पासपोर्टवर शिक्का पडल्यावर रेल्वेची तिकिटे.

पास घ्यावा की सुटी तिकिटे? युरोपबाहेरच्या लोकांसाठी १९५९ पासून 'युरेल' पास मिळतो. आता तो ३३ देशांत चालतो आणि साठीच्या पुढच्यांना १० टक्के सवलत आहे. महिन्याभरात प्रवासाचे ४, ५ किंवा ७ दिवस, असे प्रकार असतात. पण पास असला, तरी फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना आरक्षण सक्तीचे असते, त्याचे पैसे वेगळे. स्वित्झर्लंडच्या नेहमीच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. कागदावर दोन रकाने करावेत. एकात सुट्या तिकिटांची बेरीज, दुसऱ्यात पास अधिक आरक्षणे. आमच्या तीन टप्प्यांना सुटी तिकिटे बरी पडली. ज्यांना रोज लांब जायचे आहे किंवा आयत्या वेळी ठरवायचे आहे, त्यांना पास सोयीचा.

स्टेशनांची नावे नीट वाचावीत. व्हेनिस तिथे 'वेनेत्सिआ' असते आणि व्हिएन्ना 'वीन'. 'वेनेत्सिआ मेस्त्रे' हे मुख्य भूमीवरचे स्टेशन, तर 'वेनेत्सिआ सांता लुचिया' पाण्यातल्या खऱ्या शहरातले. मुंबईत गाडी सीएसएमटीची की मुंबई सेंट्रलची हे बघावे लागते, तसे पॅरिसचेही आहे. स्वित्झर्लंडच्या गाड्या 'गार द लियाँ'वरून सुटतात, लंडनच्या 'गार दु नोर'वरून.

युरोपच्या गाड्या मिनिटाबरहुकूम धावतात, हा समज सोडून द्यावा. २०२४ मध्ये जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि तिथे ६ मिनिटांच्या आतला उशीर धरतच नाहीत. म्हणून गाडी बदलायला निदान अर्धा-पाऊण तास ठेवावा. शक्यतो पूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घ्यावे. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तरी रेल्वेने पुढच्या गाडीने पोहोचवायचे असते. युरोपीय संघाच्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, तासाभराच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के भरपाई मागता येते. स्वित्झर्लंडमध्ये ही काळजी फारशी नाही. १९८२ पासून तिथे मुख्य मार्गांवर दर तासाला त्याच मिनिटाला गाडी असते.

सामानाचे म्हणाल, तर तिथल्या स्टेशनांवर हमाल मिळेल असे धरून चालू नये. मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. जी बॅग आपण स्वतः दोन पायऱ्या वर चढवू शकतो, तेवढीच न्यावी. काका-काकूंनी घरातल्या जिन्यावर तालीम केली आणि निम्मे कपडे परत कपाटात गेले.

आता ज्यासाठी हा खटाटोप, त्याकडे येतो. लुझर्नहून इटलीकडे जायला दोन वाटा आहेत. एक २०१६ मध्ये उघडलेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून. ती लवकर पोहोचवते, पण बोगद्यात दिसणार काय? दुसरी १८८२ची जुनी वाट, डोंगरावरून. तिथे गाडी चढण चढताना डोंगराच्या पोटात वळसे घेते. त्यामुळे वासेन गावचे एकच चर्च तीन वेळा, तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसते. साधारण तासभर जास्त लागतो. काका-काकूंनी तो तास दिला.

लुझर्नमध्ये दुसऱ्या दिवशी धुवांधार पाऊस होता. दोघे खोलीवर खिचडी करून, खिडकीतून तळे बघत बसले. तिसऱ्या दिवशी ऊन पडले, तेव्हा बोटीने फिट्सनाऊला गेले आणि १८७१ च्या दातेरी रुळांच्या रेल्वेने रिगी पर्वतावर चढले. ठरलेल्या सहलीत रिगीचा दिवस पावसाचा निघाला, तर पावसातच वर जावे लागते. एक मोकळा दिवस हाताशी ठेवणे, ही आपल्या बेतातली सर्वांत मोठी चैन आहे.

सहलीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्यांना जेवणाची, भाषेची, कागदपत्रांची कटकट नको, ज्यांना दहा माणसांत करमते, त्यांनी खुशाल सहलीने जावे. आजारपणात सोबत कुणी जाणते असणे, ही लहान गोष्ट नाही. पण गुडघे दुखतात म्हणून सहलच बरी, असे मात्र समजू नये. दुखऱ्या गुडघ्यांना बसच्या वेळा पाळण्यापेक्षा मनाजोगते थांबता येणे अधिक मानवते.

ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आजच एक वही घ्यावी. डावीकडे रात्री लिहाव्यात, उजवीकडे गाड्या. रेल्वेचे नवे वेळापत्रक दर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी लागू होते, तेवढे ध्यानात ठेवावे. आणि बेत पुरा झाला, की त्यातले एक गाव खोडून टाकावे.