राजूरच्या वाटेवरची साखर

अंगारकीच्या आदल्या रात्री जालना-राजूर रस्ता झोपत नाही. सोमवारची दिवेलागण झाली की गाड्यांच्या उजेडात माणसांची रांग दिसायला लागते. अनवाणी पोरं, डोक्याला उपरणं गुंडाळलेले म्हातारे, काखेत पिशवी मारून झपाझप चालणाऱ्या बाया. चाल साधारण पंचवीस किलोमीटरची. पहाटे भोकरदन तालुक्यातल्या राजुरेश्वराच्या पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं आणि मंगळवारचा उपास रात्री चंद्र पाहून सोडायचा. जालन्यात असं एकही घर सापडणार नाही, ज्यातलं कुणी ना कुणी एकदा तरी राजूरला पायी गेलेलं नाही.

शहरात जिला हाफ मॅरेथॉन म्हणतात ती २१.१ किलोमीटरची. राजूर त्याहून लांब आहे. छातीवर नंबराचा कागद नसतो आणि शेवटी पदक मिळत नाही, म्हणून आपण या चालीला खेळ म्हणत नाही. पण शरीराला हे कुठं ठाऊक? सत्तर किलोच्या माणसाच्या या एका रात्रीत बाराशे-तेराशे कॅलरी सहज जळतात. आणि या रांगेत साखरेची माणसं थोडीथोडकी नसतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, प्रौढांपैकी ११.४ टक्के. खेड्यात प्रमाण कमी, शहरात जास्त. अंगानं जाडजूड माणसालाच साखर होते, हा समजही इथं कामाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगत आलेत की आपला माणूस वरून बारीक दिसतो, पण त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. रांगेतल्या काटक्या म्हाताऱ्याकडे पाहून 'याला काय होतंय' असं म्हणू नये, ते यासाठी.

आमचे मामा तसेच. शिडशिडीत, शेतात राबलेले, वय एकसष्ट. बारा वर्षांपासून साखर, चार वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं इन्सुलिन. दोन वर्षांपूर्वी आम्ही मिळून राजूरला निघालो. मध्यरात्र उलटून गेली होती. एकानं वाटेत मोसंबी दिली, ती मामांनी चालता चालताच नखानं सोलायला घेतली. दोन फोडी तोंडात टाकल्या असतील, तोच ते कडेच्या दगडावर बसले.

"पाय लटपटायलेत रे. जरा बसू दे."

माझ्या पिशवीत ग्लुकोमीटर होता. बोट टोचलं. आकडा आला १७८.

"बघ, वाढलेलीच हाय. ठेव ती मोसंबी," मामा म्हणाले.

पण हवा गार असताना त्यांच्या कपाळावर घाम होता आणि शब्द जरा जड येत होते. मी त्यांचा हात हातात घेतला. चिकट होता. बाटलीतलं पाणी ओतून दोन्ही हात धुतले, उपरण्यानं पुसले, दुसरं बोट टोचलं. ५८.

पहिला आकडा मामांच्या रक्ताचा नव्हताच, तो मोसंबीचा होता. जपानमधल्या डॉक्टरांनी २०११ साली नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला होता: संत्रं, द्राक्ष, किवी सोलून हात न धुता तपासलं, तर साखर भलतीच जास्त दिसते. स्पिरिटचा बोळा पाच-पाच वेळा फिरवूनही भागत नाही, पाण्यानं धुतल्यावरच खरा आकडा मिळतो. जालना हा मोसंबीचा जिल्हा, २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या गावात पाहुण्याच्या हातात चहाआधी मोसंबी पडते, तिथं ही गोष्ट प्रत्येक साखरवाल्याच्या घरात ठाऊक असायला हवी.

मामांना तीन चमचे ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून दिली. म्हणजे पंधरा ग्रॅम. पंधरा मिनिटं तिथंच बसलो. पुन्हा तपासलं तर ८३. मग राजगिऱ्याचे दोन लाडू खाऊन ते उठले. साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम गोड आणि पंधरा मिनिटं थांबणं, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. तो मला ठाऊक होता. आधी काय करायला हवं होतं, ते मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ज्या दवाखान्यात मामा बारा वर्षं जातात, तिथं त्यांना दर वेळी 'रोज चाला' एवढंच सांगितलं गेलं. पंचवीस किलोमीटर चालायचं तर काय करायचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या रात्री मामांच्या अंगात काय चाललं होतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर १०० आहे, म्हणजे दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच तासाला एवढी साखर वापरतो. तरी आपण कोसळत नाही, कारण यकृत आपल्या कोठारातून रक्तात सतत साखर सोडत असतं. हे कोठार शंभरेक ग्रॅमचं. स्नायूंकडं याच्या चौपट साठा असतो, पण तो त्यांच्यापुरताच. स्नायू आपली साखर रक्ताला परत देत नाही.

निरोगी माणूस चालायला लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करतं. इन्सुलिन उतरलं की यकृताचं कोठार उघडतं. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर ओढायला इन्सुलिनची वाट बघत नाही, त्याचं दुसरं दार चालण्यानं उघडतं. म्हणून तर मधुमेह्याला चालणं मानवतं. पण मामांनी संध्याकाळी सहा वाजता टोचलेलं इन्सुलिन कुणाला मागं घेता येणार? स्नायूंची दोन्ही दारं सताड उघडी आणि यकृताच्या कोठाराला बाहेरून कुलूप. त्यात त्यांनी सुई मांडीत घेतली होती. चालणाऱ्या मांडीत रक्त जोरात खेळतं, औषध लवकर शोषलं जातं. आणि 'हलकं पोट बरं' म्हणून दोन भाकरींच्या जागी एकच खाल्ली होती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांचं थोड्याफार फरकानं असंच होतं, ती स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढायला लावते. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला मात्र ही भीती फारशी नसते.

चालता चालता गळून जाण्याचा आणि साखरेचा संबंध लोकांच्या लक्षात आला तो शंभर वर्षांपूर्वी. १९२४ साली अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे पांढरेफटक पडले होते, लटपटत होते, भान हरपल्यासारखे बोलत होते, त्यांची साखर खाली गेली होती. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींना आदल्या दिवसापासून पिष्टमय जेवण आणि वाटेत गोळ्या-चॉकलेट दिलं, तर तेच धावपटू ताजेतवाने पोचले. त्यांना मधुमेह नव्हता. १९२६ साली लंडनच्या आर. डी. लॉरेन्स या डॉक्टरानं दाखवून दिलं की व्यायामानं इन्सुलिनचा जोर वाढतो. लॉरेन्स स्वतः मधुमेही होता. इन्सुलिन आलं नसतं तर तो वाचला नसता. टोरांटोत माणसाला पहिलं इन्सुलिन टोचलं त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती.

त्यानंतर मधुमेही खेळाडूंनी काय काय केलं, त्याची जंत्री मोठी आहे. वसीम अक्रम आपल्याला ठाऊकच आहे. १९९७ साली निदान झाल्यावरही तो २००३ पर्यंत खेळला. इंग्लंडच्या स्टीव्ह रेडग्रेव्हला त्याच वर्षी मधुमेह निघाला आणि २००० साली सिडनीत त्यानं वल्हवण्यातलं पाचवं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आज सगळेच्या सगळे सायकलपटू मधुमेही असलेला एक व्यावसायिक संघ जगभरच्या शर्यतींत उतरतो. या लोकांकडून शिकायचं ते त्यांचा हिशोब. टाइप वन मधुमेह्यांच्या व्यायामाबद्दल २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जे निवेदन काढलं, त्यात लांब पल्ल्यासाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं सांगितली आहेत. निघताना साखर साधारण १२६ ते १८० च्या दरम्यान असावी. २७०च्या वर असेल तर आधी कीटोन तपासायचे, जोर लावायचा नाही. हे आकडे इन्सुलिनवाल्यांसाठी आणि धावणाऱ्यांसाठी आहेत, संथ चालणाऱ्याला कमी पुरतं. पण दर तासाला तोंडात काहीतरी पडलं पाहिजे, हे राजूरच्या वाटेवरही तितकंच खरं.

तासाला तीस ग्रॅम म्हणजे काय? एक बऱ्यापैकी केळ म्हणजे पंचवीस ग्रॅम. मोसंबीचा पेलाभर रस अठरा-वीस. दहा ग्रॅमचा गुळाचा खडा म्हणजे नऊ ग्रॅमच्या वर साखर. ज्वारीची मध्यम भाकरी चाळीस-पंचेचाळीस, पण ती सावकाश उतरते, म्हणून तिची जागा निघण्याआधी दोन-तीन तास. जालन्याच्या दगडी ज्वारीला अलीकडेच मानांकन मिळालं. रात्रभर चालायचं असेल तर संध्याकाळी तिच्या भाकरीसारखं दुसरं काही नाही. शेंगदाण्याची चिक्की पिशवीत सगळ्यांच्या असते. चालताना ती उत्तम, पण साखर खाली गेलेली असताना ती खाऊ नये. दाण्यातल्या तेलानं गुळाची साखर रक्तात पोचायला उशीर होतो, आणि तेव्हा हाती असतात पंधरा मिनिटं. तेव्हा ग्लुकोज, साखर, गूळ, रस, यापलीकडं काही नाही.

पण माझ्या मते राजूरच्या वाटेवरचा खरा धोका रात्रीचा नाही, तो मंगळवारी दुपारी येतो. रिकामे झालेले स्नायू पुढचे चोवीस तास आणि त्याहून जास्त रक्तातून साखर ओढून आपले साठे भरत राहतात. नेमक्या त्याच दिवशी उपास. सकाळची गोळी किंवा सुई मात्र 'औषध चुकवायचं नाही' म्हणून नेहमीची. दुपारी थकून माणूस आडवा होतो. घरचे म्हणतात, दमलाय, झोपू द्या. साखर उतरल्याची झोप आणि दमल्याची झोप बाहेरून सारखीच दिसते. उलट बाजूही आहे. वाटेवर वाटली जाणारी साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, ती ताटभर खाऊन बसून राहिलं की साखर अडीचशेच्या पुढं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आता खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. उपास, घाम आणि ही गोळी एकत्र आली की साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. अशा दिवसांत ती बंद ठेवायची का, हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीचं एका रात्रीत भागत नाही. शेगावहून पंढरपूर सुमारे ७५० किलोमीटर आणि ३३ दिवस. परतताना ती गोदावरी ओलांडून शहागड, अंबड करत जालन्यात येते आणि सिंदखेडराजाकडं जाते. एवढे दिवस इन्सुलिन जवळ बाळगायचं ते उन्हात. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं हे जुनंच, पण चांगलं काम देतं. पाणी झिरपून उडतं आणि आतला गारवा टिकतो. गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखाली ठेवलेलं इन्सुलिन मात्र शिजतं. आणि पाय. मुंग्या येणाऱ्या, बधिर झालेल्या पायाला फोड कळत नाही. अनवाणी चालण्याचा नवस बोललेल्या साखरवाल्या माणसाला मी हात जोडून सांगेन की पायांत बूट-मोजे घाला आणि मुक्कामाला तळवे कुणाला तरी दाखवा.

टाइप वनची लेकरंही या जिल्ह्यात आहेत, शाळेच्या कवायतीत मागं बसवलेली. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था अशा मुलांसाठी काम करते. इन्सुलिन घेणारं पोर पळू शकतं, हे आई-बापांना तिथं कळतं.

त्या रात्रीनंतर आम्ही एका तज्ज्ञाकडं गेलो, सगळं कागदावर लिहून घेतलं. पुढच्या अंगारकीला निघायच्या संध्याकाळी मामांचा डोस डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी केला, सुई पोटात घेतली. भाकरी दोन. कमरेच्या पिशवीत गूळ, केळी, ग्लुकोज, आणि हात धुवायला वेगळी पाण्याची बाटली. दर तासाला थांबलो. राजूरच्या पायऱ्यांपाशी १३४. दिवसभर उपास त्यांनी फळांवर केला, गणपतीची हरकत नसावी. रात्री चंद्र पाहून जेवले, संध्याकाळची सुईही त्या दिवशी दोन युनिट कमी.

मामींनी रात्री दोनचा गजर लावला होता. मी उठेपर्यंत त्या मामांच्या खाटेपाशी पोचल्या होत्या. ओल्या फडक्यानं त्यांनी मामांचं बोट स्वच्छ पुसलं, मग कोरड्यानं, आणि टोचलं. आकडा आला तसा मीटर माझ्याकडं फिरवला. १०७. मामा घोरतच होते.