मोबाईलचे दोन रूळ आणि आपले पहिले ॲप



नागभीडचे स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. २०१९ सालापर्यंत तिथे मोठी गाडीही येई आणि नागपूरची छोटी गाडीही येई. माणसे एकीतून उतरून दुसरीत बसत. पण छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर काही चालत नसे. रुळांचे मापच वेगळे, त्याला कोण काय करणार? मोबाईलचेही तसेच आहे.

ॲप म्हणजे फोनकडून एखादे ठराविक काम करवून घेणारी आज्ञांची जुळणी. पैसे पाठवणारे, हवामान सांगणारे, पाढे शिकवणारे अशी ॲप्स तुम्ही वापरताच. फोनमधल्या ज्या व्यवस्थेवर ती चालतात, ती व्यवस्था म्हणजे रूळ. आज असे दोन मोठे रूळ आहेत. एक ॲपल कंपनीचा. तिचा आयफोन २००७ साली निघाला. दुसरा गूगलचा अँड्रॉइड. त्याचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. एकासाठी केलेले ॲप जसेच्या तसे दुसऱ्यावर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट आणि ब्लॅकबेरी यांनीही आपापले रूळ टाकले होते. ते मागे पडले आणि बंद झाले.

आता समजा, नववीतली एक मुलगी विचारते, "गुरुजी, मला ॲप करायचंय. कोणत्या फोनसाठी करू?" तिला आपण उलट विचारावे, "सांग पोरी, ते वापरणार कोण? त्याच्या हातात कोणता फोन आहे? आणि त्याच्या गावात रेंज किती वेळ असते?" रूळ निवडण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरे हवीत.

आपल्या देशात दर शंभर स्मार्टफोनांमध्ये नव्वदांहून अधिक अँड्रॉइडचे आहेत. शिकण्याचा खर्चही तिकडे कमी. अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन फुकट मिळते आणि ते विंडोज किंवा लिनक्सच्या संगणकावर चालते. आज्ञा कोटलिन किंवा जावा या भाषेत लिहावयाच्या. केलेले ॲप तारेने थेट आपल्या फोनमध्ये घालून पाहता येते. गूगलच्या दुकानात ते ठेवावयाचे झाले तर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. आयफोनसाठी मात्र ॲपलचा मॅक संगणक लागतो, भाषा स्विफ्ट, आणि दुकानात ॲप ठेवण्याची फी दरसाल ९९ डॉलर. म्हणून शाळेने आरंभ अँड्रॉइडवर करावा हे बरे.

एकदाच लिहून दोन्ही रुळांवर चालवण्याची सोयही आता आहे. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह ही त्यासाठीची साधने. थोडा हात बसला की तिकडे वळावे. अगदी लहान मुलांसाठी ॲप इन्व्हेंटर आहे. त्यात आज्ञा लिहावयाच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे असतात. त्याला बहुधा इंटरनेट लागते, तेवढे ध्यानात ठेवा.

आता उदाहरण आपल्या जंगलातलेच घेऊ. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. बाई पहाटे रानात जाते, पाने तोडते, घरी पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देते. मजुरी शेकड्याने, म्हणजे शंभर पुड्यांना अमुक रुपये. तिच्यासाठी हिशेबाचे ॲप करावयाचे आहे. पुडे किती, शेकडा दर किती, आणि रक्कम किती, अशा तीनच चौकटी.

सोपे वाटते ना? पण इथेच ठेच लागते. समजा पुडे २७५ आणि शेकडा दर ४०० रुपये. कोटलिनमध्ये पूर्ण अंकाला पूर्ण अंकाने भागले तर बाकी टाकून दिली जाते. २७५ ला १०० ने भागल्यावर उत्तर येते २, आणि ॲप सांगते ८०० रुपये. खरी मजुरी आहे ११०० रुपये. बाईचे ३०० रुपये गेले, आणि फोन खोटे सांगेल असे तिच्या मनातही येणार नाही! आधी गुणावे, मग भागावे, की हिशेब बरोबर येतो. गुरुजी, दहा उदाहरणे मुलांकडून पाटीवर सोडवून घ्या आणि ॲपची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळल्याशिवाय ॲप कुणाच्या हाती देऊ नका.

दुसरी गोष्ट रेंजची. भामरागड-एटापल्लीकडे कित्येक ठिकाणी रेंज मिळत नाही. ताडोबाचे वनरक्षक गस्तीत एम-स्ट्राइप्स नावाचे ॲप वापरतात. रेंज नसली तरी चाललेली वाट आणि पाहिलेल्या खुणा त्यात नोंदल्या जातात. नेटवर्क मिळाले की नोंद पुढे जाते. २०१८ च्या व्याघ्रगणनेत या ॲपचा देशभर उपयोग झाला. आपले हिशेबाचे ॲपही असेच, रेंजवाचून चालणारे हवे.

तिसरी गोष्ट बोलीची. गोंडी-माडिया बोलणाऱ्या बाईला शब्द तिच्या बोलीतले द्या. गोंडी देवनागरीतही लिहिता येते. तिला वाचता येत नसेल तर पुड्याचे चित्र काढा आणि आकडा आवाजात ऐकवा. तिचे नाव, ठिकाण, फोन नंबर उगाच विचारू नका. हिशेबाला त्यांची गरज नाही.

तेव्हा संगणक नसला तरी उद्यापासून आरंभ करता येईल. वहीच्या पानावर फोनएवढा चौकोन काढा, तीन चौकटी आखा आणि फळीवर जाणाऱ्या एखाद्या मावशीला दाखवा. "हे कशाला? अन् इथे काय भरायचं?" असे ती जिथे विचारील, तिथे खूण करा. त्या खुणा दुरुस्त झाल्या की मगच मुलांना संगणकापुढे बसवा.