विश्लेषण : रासायनिक कारखान्यातील रिॲक्टर का फुटतो?

डोंबिवली एमआयडीसीच्या फेज-२ मधील अमुदान केमिकल्स या कारखान्यात २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट होऊन दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. सुरुवातीला बॉयलर फुटल्याचे सांगितले गेले. नंतर तो रिॲक्टरचा स्फोट असल्याचे समोर आले. हा फरक केवळ शब्दांचा नाही.

बॉयलर आणि रिॲक्टरमध्ये फरक काय?

बॉयलरला उष्णता बाहेरून मिळते. इंधन बंद केले की तो थंडावू लागतो. रिॲक्टर म्हणजे ज्यात रसायने एकत्र करून नवे रसायन तयार होते ते भांडे. अनेक अभिक्रिया उष्मादायी असतात, म्हणजे उष्णता आतूनच निर्माण होते. बंद करायला तिथे इंधनच नसते. म्हणून भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरवून ही उष्णता सतत काढून घ्यावी लागते.

तापमान हाताबाहेर कसे जाते?

ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. पाणी उष्णता किती ओढणार, हे मात्र फक्त तापमानातील फरकावर ठरते. समजा पाणी ३० अंशांवर आणि रसायन ६० अंशांवर आहे. रसायन ७० अंशांवर गेले, तर निर्माण होणारी उष्णता दुप्पट होते, पण निघून जाणारी उष्णता केवळ एक तृतीयांशाने वाढते. एका मर्यादेपुढे हा तोल सुटतो. मग द्रव उकळतो, वायू तयार होतात, दाब वाढतो आणि भांडे फुटते. पाण्याचा पंप किंवा ढवळणारे यंत्र बंद पडले, तर ही वेळ लवकर येते.

प्रयोगशाळेत चालते, मग कारखान्यात का नाही?

एक लिटरऐवजी त्याच आकाराचे हजार लिटरचे भांडे घेतले, तर उष्णता हजारपट निर्माण होते. थंड होणारा पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढतो.

मग तापमान कमीच ठेवले तर?

तेही धोक्याचे ठरू शकते. गारठ्यात अभिक्रिया रेंगाळते, न वापरलेला कच्चा माल साचत जातो आणि नंतर एकदम पेट घेतल्यासारखी अभिक्रिया सुरू होते. उत्पादनाचेही गणित असते. अमोनिया कमी तापमानाला जास्त प्रमाणात मिळू शकतो, पण फार हळू. म्हणून खतकारखान्यांत साधारण ४०० ते ५०० अंशांचा मध्यम मार्ग निवडतात.

उपाय काय?

कच्चा माल एकदम न ओतता थेंबाथेंबाने सोडणे, ढवळणे थांबताच तो आपोआप बंद होण्याची सोय, पर्यायी शीतकरण आणि जादा दाब सुरक्षित जागी सोडणारी वाट, हे मुख्य उपाय. उत्पादनाआधी त्या अभिक्रियेतून किती उष्णता निघते, हे मोजणेही तितकेच महत्त्वाचे. यंत्रणा असून भागत नाही, ती चालू असावी लागते. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी रसायनाच्या टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती.

शेजारच्या नागरिकांचा हक्क कोणता?

घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार, ठरावीक मर्यादेहून अधिक साठा असलेल्या कारखान्यांसाठी आपत्कालीन आराखडा बंधनकारक आहे. अपघाताची झळ बसू शकेल अशा रहिवाशांना धोक्याचे स्वरूप आणि अपघातावेळी काय करावे, काय टाळावे, याची माहिती आधीच मिळायला हवी. ती मिळाली नसेल, तर स्फोटाची वाट न पाहता आताच मागायला हवी.